कोंडाच आहे ना? जरा नीट बघा!

ब्लॅक शर्ट सगळ्यांनाच शोभतो. बारीक दाखवतो, स्मार्ट दाखवतो, वर कटिंग चहा सांडला तरी कुणाला कळत नाही! तरीही प्रत्येक ऑफिसात एखादा तरी असा असतोच, जो काळ्या शर्टाच्या वाटेला जात नाही. प्रेझेंटेशनला पांढरा, पार्टीला क्रीम, एरवी फिका राखाडी. कारण विचारलंत तर उत्तर ठरलेलं, 'कोंडा आहे यार!' मग सल्ल्यांचा पाऊस. कुणी शाम्पू सुचवतं, कुणी लिंबू, कुणी आजीचं आंबट दही. शाम्पूच्या बाटल्या बदलतात, कॅलेंडर बदलतं, कोंडा मात्र मुक्कामी.

आता कोंडा काही मोठी बातमी नव्हे. पण महिनोन्‌महिने शाम्पू बदलूनही न हटणारा, केसांच्या रेषेबाहेर कपाळावर डोकावणारा, कानामागे जाड थर धरणारा कोंडा हा कदाचित कोंडा नसतोच. त्याचं नाव सोरायसिस असू शकतं.

नाव ऐकून दचकू नका. हा त्वचेच्या दाहाचा आजार आहे आणि तो मुळीच दुर्मिळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ सालच्या अहवालात जगभरातल्या रुग्णांचा आकडा किमान १० कोटी दिलाय. भारतातल्या वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये प्रौढांत त्याचं प्रमाण ०.४४ ते २.८ टक्के आढळलं. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर ५०० जणांच्या कंपनीत २ ते १४ जण! शिवाय हा आजार अनेकदा सुरू होतो तो विशी-तिशीत. म्हणजे नेमका आपल्या वयात. पहिला जॉब, पहिलं अप्रेझल, पहिलं होमलोन आणि पहिला चट्टा, सगळं एकाच सुमारास.

चार तक्रारी, चार दारं

या विषयाशी माझी ओळख घरातच झाली. माझी मावसबहीण ठाण्यात एका बँकेत आहे. ताई पक्की व्यवस्थित बाई. डब्यापासून टॅक्सच्या फाइलपर्यंत सगळं जागच्या जागी. तिला चार तक्रारी होत्या. डोक्यात कोंडा, कोपरांवर 'नायटा', दोन नखांना 'फंगस' आणि उजव्या हाताच्या अनामिकेला सूज. कोंड्यासाठी ती पार्लरमध्ये हेअर स्पा करायची. नायट्यासाठी केमिस्टची ट्यूब. नखांवर गडद नेलपॉलिश. आणि बोटासाठी हाडांचे डॉक्टर, ज्यांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि टायपिंग कमी करा म्हणून सांगितलं. बँकेत! टायपिंग कमी!

असं तीन वर्षं चाललं. चारही तक्रारींना चार वेगळी नावं आणि चार वेगळी दारं. शेवटी ती त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली तेही कोपरासाठीच. त्यांनी कोपर पाहिलं, मग नखं दाखवा म्हणाले, मग केस बाजूला करून डोकं पाहिलं आणि सरळ विचारलं, सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का? दहा मिनिटांत चार तक्रारींचं एकच नाव झालं.

मला या सगळ्यातून कळलेली गोष्ट एवढीच, की सोरायसिस लपून बसत नाही. तो दिसतो. पण तुकड्यातुकड्यांत दिसतो. एक तुकडा डोक्यात, एक कोपरावर, एक नखात. आपण प्रत्येक तुकड्यावर वेगळा इलाज करत बसतो आणि अख्खं चित्र कुणी बघतच नाही. म्हणून हा लेख ते तुकडे जोडून बघण्यासाठी.

आत नेमकं काय होतं?

आपली त्वचा सतत नवी होत असते. आतल्या थरात जन्मलेली पेशी वर सरकत येते आणि साधारण महिन्याभरात गळून पडते. आपल्याला पत्ताही लागत नाही. सोरायसिसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा उगाचच रेड अॅलर्ट देते. टी-पेशी आणि आयएल-१७, आयएल-२३, टीएनएफ अशा नावांची रसायनं दाह पेटवतात आणि जो प्रवास महिन्याभराचा तो चार-पाच दिवसांत उरकतो.

संध्याकाळी साडेसहाचा दादरचा जिना आठवा. वरचे लोक पुढे सरकायच्या आत खालून दुसऱ्या लोकलची गर्दी येऊन आदळते. मग काय होणार? थरावर थर! त्वचेवरही तेच. जुन्या पेशी गळायच्या आत नव्या येतात आणि चंदेरी, कोरडे, सुटणारे पापुद्रे जमतात. त्यालाच आपण कोंडा म्हणून झटकतो.

यात अस्वच्छतेचा संबंध नाही. रक्त 'खराब' असण्याचाही नाही. आनुवंशिकतेचा थोडा वाटा असतो, पण घरात कुणाला असला म्हणजे तुम्हाला होणारच असं नाही आणि घरात कुणालाच नसला म्हणून तुम्हाला होणार नाही असंही नाही.

लाल शोधाल तर फसाल

गंमत बघा. नेटवर सोरायसिस टाइप केलंत की येणारे बहुतेक फोटो गोऱ्यापान त्वचेचे. गुलाबी-लाल चट्टा, वर चांदीसारखी खपली. आपण तो फोटो बघतो, मग आपलं कोपर बघतो आणि निर्धास्त होतो, 'छे, आपलं असं लाल कुठेय?'

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर तो चट्टा लाल दिसेलच असं नाही. तो जांभळट दिसतो, तपकिरी दिसतो, कधी नुसता काळपट. वरचा पापुद्रा चंदेरीऐवजी राखाडी वाटतो. चट्टा बरा झाल्यावर तिथे काळा किंवा फिका डाग काही काळ राहतो. म्हणून रंगावर विसंबू नका. तीन गोष्टी बघा:

कड: चट्ट्याची सीमा स्पष्ट असते. नकाशावर तालुका आखावा तशी. इथे संपला, पुढे नॉर्मल.

जाडी: बोट फिरवलं की चट्टा आजूबाजूच्या त्वचेपेक्षा उंच लागतो.

पापुद्रा: कोरडा आणि थराथराने सुटणारा. खरवडला तर मेणबत्तीच्या मेणासारखा भुगा पडतो. खपली ओढून काढली तर खाली रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. डॉक्टरांसाठी ही खूण महत्त्वाची आहे. तुम्ही मात्र घरी प्रयोग करू नका, कारण त्वचेला इजा झाली की तिथेच नवा चट्टा उठू शकतो.

खाजेवरूनही ठरवू नका. काहींना भरपूर खाज सुटते, काहींना अजिबात नाही.

सात जागा, दहा मिनिटं

आता तुमची पाळी. खिडकीतला चांगला उजेड, एक आरसा आणि हाताशी मोबाइल. वरपासून खालपर्यंत बघत जा.

१. डोकं आणि कानामागची जागा. सोरायसिसच्या निम्म्या किंवा त्याहून जास्त रुग्णांच्या डोक्यात त्याच्या खुणा असतात. थर जाड आणि कोरडा आहे का? कपाळावर, मानेवर, कानाच्या आत उतरलाय का?

२. कोपरं आणि गुडघे. दोन्ही बाजूंना सारखेच चट्टे दिसले तर संशय वाढतो.

३. कंबर, माकडहाडाची जागा आणि नितंबांमधली घडी. इथे स्वतःला दिसत नाही, म्हणून इथलं निदान बरेचदा उशिरा होतं. मोबाइलचा कॅमेरा याच कामासाठी जवळ ठेवायचा!

४. बेंबी. हो, बेंबी! इथला छोटासा चट्टा कुणाच्याच लक्षात येत नाही.

५. घड्या. काख, जांघ, स्तनांखालची त्वचा. इथे घामामुळे पापुद्रा धरत नाही, नुसता गुळगुळीत चकचकीत चट्टा दिसतो आणि त्यावर बिनदिक्कत फंगसची क्रीम चोपडली जाते.

६. नखं. टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे, जणू शिंप्याचं अंगुस्तान! नखाखाली तेलाचा थेंब सांडावा तसा पिवळट-तपकिरी डाग. नख टोकाकडून सुटून वर येणं. निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या नखांत असं काही ना काही दिसतं.

७. तळहात आणि तळपाय. जाड, भेगाळलेली त्वचा. टाचांच्या भेगा तर आपल्याकडे घरोघरी असतात, पण भेगांबरोबर स्पष्ट कड असलेले जाड चट्टे असतील तर नुसत्या क्रॅक क्रीमवर भागवू नका.

आणखी एक प्रकार खास तरुणांत दिसणारा. घसा धरतो, ताप येऊन जातो आणि दोन-तीन आठवड्यांनी छाती-पाठीवर, हातापायांवर थेंबांसारखे छोटे छोटे ठिपके उठतात. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे घसा धरला असेल तर असं होऊ शकतं. 'अॅलर्जी असेल' म्हणून गोळी घेण्याआधी महिन्याभरापूर्वी घसा दुखला होता का, ते आठवा आणि डॉक्टरांना सांगा.

मग तो नायटा, इसब की आणखी काही?

सगळेच चट्टे सोरायसिसचे नसतात, हेही तितकंच खरं. ढोबळ फरक असा:

साधा कोंडा थोडा तेलकट, पिवळट आणि बारीक असतो. तो भुवया आणि नाकाच्या कडेलाही जमतो आणि औषधी शाम्पूला बऱ्यापैकी दाद देतो.

नायटा म्हणजे गजकर्ण हा बुरशीचा. त्याची कड उठावदार, रिंगणासारखी वाढत जाणारी आणि मधला भाग बरा होत आलेला. जांघेत आणि कमरेवर जास्त, खाज तर विचारूच नका. घरात एकाचा टॉवेल दुसऱ्याने वापरला की पसरतो.

इसब म्हणजे एक्झिमा कोपराच्या आतल्या खळगीत आणि गुडघ्यामागे जास्त आढळतो. कड धूसर, खाज प्रचंड, कधी पाणीही सुटतं. अनेकदा लहानपणापासूनची हिस्टरी असते, सोबत दमा किंवा सकाळच्या शिंका. सोरायसिसला मात्र कोपराची बाहेरची बाजू जास्त आवडते!

कोडात त्वचेचा रंग जातो, पण ती गुळगुळीतच राहते. पापुद्रे नसतात.

आणि एक अगदी महत्त्वाचं. चट्ट्यावर संवेदना कमी वाटत असेल, टोचलेलं किंवा गरम-गार कळत नसेल, तर तो कुष्ठरोग नाही ना हे तपासून घ्यायलाच हवं. घाबरायचं कारण नाही. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि वेळेत घेतलं तर आजार पूर्ण बरा होतो.

एकेकाळी सोरायसिस आणि कुष्ठरोग यांची सरमिसळच व्हायची. व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा या डॉक्टरांनी १८४१ साली दोन्ही आजार ठामपणे वेगळे केले. त्याआधी किती जणांना नुसत्या चट्ट्यांपायी गावाबाहेर राहावं लागलं असेल, कल्पना करा. आजही चट्टा दिसला की शेजारची खुर्ची जरा लांब सरकते, त्याचं मूळ तिथे आहे.

केमिस्टकाकांची ट्यूब

आपल्याकडे त्वचेचा पहिला डॉक्टर कोण? नाक्यावरचा केमिस्ट! 'काका, खाजेवर काहीतरी द्या ना' म्हटलं की काउंटरवर ट्यूब हजर. या ट्यूबमध्ये बरेचदा एकात तीन औषधं असतात: बुरशीचं, जंतूंचं आणि तिसरं क्लोबेटासॉलसारखं स्ट्राँग स्टेरॉइड. कुठली तरी गोळी लागेलच, असा हिशेब.

चार दिवसांत फरक पडतो आणि ट्यूबवर विश्वास बसतो. पण हा फरक स्टेरॉइडचा असतो. चट्टा नायट्याचा असेल तर बुरशी आतल्या आत पसरते आणि तिचं रूपही बदलतं, मग डॉक्टरांनाही ओळखणं कठीण जातं. सोरायसिस असेल तर तो तात्पुरता दबतो, ट्यूब बंद केली की उसळून परत येतो. शिवाय महिनोन्‌महिने लावलं की त्वचा पातळ होते, जांघेत-काखेत न जाणारे स्ट्रेच मार्क्स पडतात, चेहऱ्यावर रक्तवाहिन्या दिसू लागतात. हा प्रकार इतका वाढला, की केंद्र सरकारने २०१८ साली १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या शेड्यूल एचमध्ये टाकली. नियम आला, पण ट्यूब मागायची सवय कुठे गेलीय?

गैरसमज नको. स्टेरॉइड मलम हे सोरायसिसवरचं खरंखुरं औषध आहे. फक्त किती स्ट्राँग, कुठल्या जागी, किती दिवस आणि कसं कमी करत आणायचं हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन तर त्याहून जोखमीची. ती अचानक थांबवली तर आजार अंगभर भडकू शकतो. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या 'मुळासकट खात्रीशीर इलाज'वाल्या स्टिकर्सपासूनही सावध. लेबल नसलेल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत.

बोट दुखतंय? नुसता माऊसला दोष नको

आता सगळ्यात महत्त्वाचा तुकडा. सोरायसिस असलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांपर्यंत लोकांना सांध्यांचा त्रास होतो. याला सोरायटिक आर्थ्रायटिस म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत आधी त्वचा, मग काही वर्षांनी सांधे. काहींचं उलटं. नखांत बदल असतील तर शक्यता आणखी वाढते.

आपण दिवसभर स्क्रीनसमोर बसणारी माणसं. मान, पाठ, मनगट कुणाचं दुखत नाही? मग फरक ओळखायचा कसा? खुर्चीमुळे होणारी पाठदुखी साधारणपणे दिवसभराच्या कामानंतर वाढते आणि विश्रांतीने बरी वाटते. या आजाराची दुखणी सकाळी जास्त असतात. उठल्यावर सांधे अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ आखडलेले आणि हालचाल केली की मोकळे. एखादं बोट एका सांध्यापुरतं नव्हे, तर बुडापासून टोकापर्यंत फुगतं. डॉक्टर त्याला सॉसेज बोट म्हणतात. टाचेच्या मागे जिथे शीर हाडाला जोडलेली असते तिथे दुखतं. कधी डोळा लाल होऊन दुखतो, उजेड सहन होत नाही.

अशा वेळी संधिवाततज्ज्ञ गाठायचा, तोही लवकर. आयर्लंडमधल्या रुग्णांवरच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निदानाला सहा महिन्यांहून जास्त उशीर झालेल्यांच्या सांध्यांचं नुकसान जास्त आढळलं होतं. सहा महिने! आपण जिमची मेंबरशिप वापरायला यापेक्षा जास्त वेळ लावतो.

ताईचं कोपर आणि डोकं औषधांनी छान सावरलं. बोटाचा शेवटचा सांधा मात्र पूर्ण वळत नाही. साखरपुड्याची अंगठी ती डाव्या हातात घालते आणि कीबोर्डवर नऊ बोटांनी टाइप करते. स्पीड माझ्यापेक्षा जास्तच आहे, पण त्या दहाव्या बोटासाठी तीन वर्षं फार झाली.

उलट बाजूही सांगते. गोल्फपटू फिल मिकलसनला हाच त्रास असल्याचं त्याने २०१० साली जाहीर केलं. उपचार सुरू ठेवून तो खेळत राहिला आणि २०२१ मध्ये वयाच्या पन्नाशीत त्याने पीजीए चॅम्पियनशिप जिंकली.

आपली लाइफस्टाइल आणि हा आजार

सोरायसिस लाटांसारखा येतो-जातो. तो कशाने भडकतो, हे प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं, पण नेहमीचे संशयित असे:

टेन्शन. डेडलाइनचा आठवडा आणि नवा चट्टा ही जोडी अनेकांच्या ओळखीची आहे.

सिगारेट आणि दारू. स्मोक ब्रेक आणि वीकेंडची बैठक, दोन्ही आजार वाढवतात. वजन वाढलं तरी त्रास वाढतो आणि औषधंही कमी लागू पडतात.

त्वचेला इजा. खरचटणं, भाजणं, सनबर्न आणि हो, टॅटू! दुखापतीच्या जागी नवा चट्टा उठण्याला हाइनरिख कोबनर या जर्मन डॉक्टरांच्या नावाने कोबनर फिनॉमेनन म्हणतात. निदान झालेलं असेल तर टॅटू काढण्याआधी दोनदा विचार करा.

कोरडी हवा. थंडी आणि दिवसभराचा एसी. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायची सवय स्वस्तात मस्त. खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली असली तरी चालेल.

काही औषधं. लिथियम, ब्लड प्रेशरच्या गोळ्यांमधल्या बीटा ब्लॉकर्स, मलेरियावरची क्लोरोक्विन. ती मनाने बंद करायची नाहीत, फक्त सोरायसिसच्या डॉक्टरांना त्यांची कल्पना द्यायची.

शिवाय आजार तीव्र असेल तर डायबेटिस, हृदयविकार आणि डिप्रेशन यांचाही धोका वाढतो. म्हणून वर्षातून एकदा शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल तपासा. आणि मन सतत उदास राहत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. तो नखरा नसतो, आजाराचाच भाग असू शकतो.

उपाय आहेत, भरपूर आहेत

कायमचा 'डिलीट' करणारं औषध अजून नाही, हे आधी मान्य करू. पण आजार आटोक्यात ठेवणारी औषधं भरपूर आहेत. थोड्या जागेत असेल तर मलमं: स्टेरॉइड, व्हिटॅमिन डीचा अवतार असलेलं कॅल्सिपोट्रिऑल, डोक्यासाठी कोल टार आणि सॅलिसिलिक अॅसिडचे शाम्पू-लोशन. जास्त पसरला असेल तर फोटोथेरपी, म्हणजे ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील किरणांचा नेमका शेक. त्यापुढे मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन, अॅप्रेमिलास्टसारख्या गोळ्या. आणि त्याही पुढे बायोलॉजिक इंजेक्शन्स, जी आयएल-१७ किंवा टीएनएफसारख्या ठरावीक रसायनांनाच लगाम घालतात. बेंगळुरूच्या बायोकॉनने २०१३ साली इटोलिझुमॅब हे सोरायसिसवरचं बायोलॉजिक भारतात आणलं होतं. ही इंजेक्शनं महाग असतात, पण प्रत्येकाला त्यांची गरज पडतेच असं नाही.

एक सूचना मोठ्या अक्षरात वाचा. सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही! चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. मोबाइलवर वार ठरवून रिमाइंडर लावा. हे औषध चालू असताना रक्ताच्या आणि लिव्हरच्या तपासण्या वेळच्या वेळी करायच्या आणि पार्टीत आपला ग्लास लिंबूसरबताचा ठेवायचा. लग्न किंवा बाळाचं प्लॅनिंग असेल तर आधीच सांगा. मेथोट्रेक्सेट आणि अॅसिट्रेटिन गरोदरपणात चालत नाहीत.

जायचं कुठे? त्वचारोगतज्ज्ञाकडे, म्हणजे त्वचाशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेल्या डॉक्टरांकडे. फेशियल आणि लेझरची पाटी म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ नव्हे. खिशाचा प्रश्न असेल तर मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे आणि पुण्यात ससून इथे त्वचारोगाची ओपीडी आहे. सकाळी लवकर केसपेपर काढायचा, एवढाच ताप.

आणि ताप आलाय, थंडी वाजतेय, अंगभर त्वचा लाल-गरम झालीय किंवा पूभरले फोड उठलेत, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. थेट हॉस्पिटल.

लोक काय म्हणतील?

जे म्हणायचं ते म्हणोत, पण एवढं ऐकून म्हणोत: सोरायसिस संसर्गजन्य नाही. हात मिळवल्याने, एका डब्यात जेवल्याने, एकच टॉवेल किंवा स्विमिंग पूल वापरल्याने, मिठी मारल्याने तो पसरत नाही. २०१४ साली जागतिक आरोग्य परिषदेने सोरायसिसवर खास ठराव केला, त्यातही या आजाराला चिकटलेल्या कलंकाचा उल्लेख होता. दर वर्षी २९ ऑक्टोबरला जागतिक सोरायसिस दिन पाळतात, तोही याच जागृतीसाठी. किम कार्दाशियनसारख्या स्टारने २०११ साली आपल्या रिअॅलिटी शोमध्येच हे निदान जगासमोर आणलं. जिची त्वचा हाच जिचा बिझनेस, तिला लपवावंसं वाटलं नाही!

आपल्याकडे खरी परीक्षा कांदेपोह्यांच्या वेळी. ताईला घरातल्या मोठ्यांनी सुचवलं होतं, लांब बाह्यांचा ड्रेस घाल आणि गप्प बस. तिने मुलाला पहिल्याच भेटीत नखं दाखवली आणि आजाराचं नाव सांगितलं. दोघांनी नकार दिला. तिसऱ्याने विचारलं, दुखतं का? लग्न त्याच्याशीच झालं.

तुमच्या शेजारच्या डेस्कवर कुणाला असे चट्टे दिसले तर 'हे काय झालंय?' असं चारचौघांत विचारू नका. शाम्पूही सुचवू नका. ओळख बरी असेल तर एकट्याला गाठून सांगा, की एकदा स्किनच्या डॉक्टरला दाखव आणि दाखवताना नखं, डोकं, सांधे सगळं एकत्र दाखव.

आणि तुमचं स्वतःचं? येत्या रविवारी सकाळी दहा मिनिटं काढा. सात जागा बघा, उजेडात फोटो काढा, कधीपासून आहे, कशाने वाढतं, आतापर्यंत काय काय लावलं ते कागदावर लिहा. वापरलेल्या ट्यूबसुद्धा पिशवीत घाला, रिकाम्या असल्या तरी. आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा, 'डॉक्टर, हे चारही एकत्र बघाल का?'